माझ्या पोटात काळे पडलेले बिल

जुने म्हणा, खरखरणारे म्हणा, मला राग नाही. मित्रांनो, मी एका छोट्या दुकानातले लॅमिनेशनचे मशीन आहे. कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून माझ्या तोंडात द्यायचा, मी तो माझ्या गरम रोलरांमधून हळूहळू ओढून घेतो आणि पाठीमागून कडक, चकचकीत करून बाहेर देतो. एवढेच माझे काम. या कामात मी हजारो दाखले, गुणपत्रिका आणि ओळखपत्रे वाचवली. नासवले ते मोजकेच कागद. पण त्या मोजक्यांतला एक माझा स्वतःचा होता, आणि त्याच्यापायी चार-पाच दिवस या दुकानात जे झाले ते आठवले की वीज बंद असतानाही मला चटका बसतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पत्र्याचे अंग, आत रबरी रोलर, त्यांना तापवणारा हीटर आणि पुढे दोन दिवे. तापत असताना लाल लागतो, तयार झालो की हिरवा. शेवटच्या टेबलावर बसणाऱ्या बाईने माझ्यातून एक कोरा कागद फिरवला, तो उजेडात धरून पाहिला, मान हलवली आणि माझ्या पाठीवर एक गोल चिकटपट्टी लावली. आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी. मग मला थर्माकोलमध्ये चेपून खोक्यात घातले आणि खोके गोदामात गेले. दुकानात मांडलेल्या वस्तूला निदान माणसे बोट लावून तरी बघतात. मी पडलो ऑनलाइन विकला जाणारा, मला जे कोणी बघितले ते फोटोतच.

एके दिवशी खोके हलले. माझ्याबरोबर आणखी दोघे निघाले, स्पायरल बाइंडिंगचे मशीन आणि कागद कापायचा कटर. बाइंडिंग मशीन दात भरपूर असूनही स्वभावाने गरीब, आणि कटर मात्र अंगाने सडपातळ पण जवळ जायची सोय नाही असा. आम्हा तिघांचे मिळून बिल एकच होते. पारदर्शक पिशवीत घालून ते माझ्या खोक्यावर चिकटवले होते, म्हणून मी त्याला माझे बिल म्हणतो. ते साध्या कागदावर नव्हते. यंत्रातून सुर्रकन निघणारा, नखाचा ओरखडा उठला तर काळी रेघ दाखवणारा पातळ गुळगुळीत कागद असतो ना, तसल्यावर होते. त्या कागदाला शाई लागत नाही. उष्णता हीच त्याची शाई. हे मला तेव्हा माहीत नव्हते आणि दुकानातही कोणाला माहीत नव्हते.

दुकान होते शाळेपासूनच्या दोन मैत्रिणींचे. एकीने झेरॉक्सचे काम सांभाळायचे, दुसरीने प्रबंध आणि वह्या बांधून द्यायच्या. गिऱ्हाइके त्यांना झेरॉक्सताई आणि स्पायरलताई म्हणत. झेरॉक्सताई उंच, झपझप चालणाऱ्या, विचार करायच्या आधी निर्णय घेऊन मोकळ्या होणाऱ्या. स्पायरलताई ठेंगण्या, हसऱ्या, पानांची भोके दोनदा तपासल्याशिवाय तार न ओवणाऱ्या. दारापाशी खुर्चीवर तिसरे माणूस बसत असे, झेरॉक्सताईंचे सासरे. त्यांना गिऱ्हाइके आजोबा म्हणत. छत्तीस वर्षे त्यांनी एका कचेरीत जुनी कागदपत्रे सांभाळली होती. कुठली फाइल कुठल्या फडताळात, ते त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येई. निवृत्त झाल्यावर घरात त्यांचा जीव रमेना. सूनबाईंनी दुकान काढले आणि आजोबांचे चालणेच बदलले. सकाळी दुकान उघडायच्या अर्धा तास आधी ते चपला घालून दारात उभे असत.

आता थोडे कंटाळवाणे सांगतो, पण ते नीट ऐका, कारण पुढचे सगळे त्याच्यावर आहे. वस्तू विकत घेताना किमतीबरोबर विक्रीकर भरावा लागतो. पण ती वस्तू धंद्याच्या कामासाठी घेतली असेल, तर भरलेला तो कर परत मागता येतो. त्याला दोन अटी. एक, बिलावर दुकानाचे नाव आणि दुकानाचा नोंदणी क्रमांक छापलेला हवा. दोन, ठरलेल्या तारखेच्या आत अर्ज जायला हवा. ऑनलाइन घेताना तो क्रमांक एका छोट्या चौकोनात आपणच भरायचा असतो. आमची खरेदी स्पायरलताईंच्या खात्यावरून आणि त्यांच्याच कार्डावरून झाली होती, कारण झेरॉक्सताईंचे होते नव्हते ते दुकानाच्या अनामतीत गेले होते. तो चौकोन स्पायरलताईंनी भरला होता. दोघींचे ठरले होते, कर परत आला की ती रक्कम स्पायरलताईंची. त्यातून त्यांना मुलीच्या पदविकेची पहिली फी भरायची होती. ती पोरगी रोज संध्याकाळी दुकानात डोकावून विचारायची, “आई, आले का गं?”

आम्ही आलो, मांडले गेलो, कामाला लागलो. बिल एका फाइलीत गेले. झेरॉक्सच्या दुकानात स्वतःच्या बिलाची मात्र एकही झेरॉक्स काढली गेली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आजोबांना माझे भारी अप्रूप. कागदाला ओल लागत नाही, कसर लागत नाही, कोपरे मुडपत नाहीत, असे यंत्र आपल्या कचेरीत असते तर, असे ते दिवसातून दोनदा म्हणत. एकदा त्यांनी एका गिऱ्हाइकाची गुणपत्रिका माझ्या तोंडात तिरकी दिली आणि ती आत चुरगळून अडकली. गिऱ्हाईक खूप बोलले. ते गेल्यावर झेरॉक्सताई शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाल्या, “बाबा, तुम्ही बसा, गिऱ्हाइकांशी बोला, पैसे घ्या. मशीनला मात्र हात लावू नका हं.”

आजोबा हसून “बरं बरं” म्हणाले. पण मी त्यांच्या समोरच होतो, मला त्यांचा चेहरा दिसला. आपण इथे केवळ बसवून ठेवलेले आहोत की काय, ही भीती त्या दिवशी त्यांच्या मनात शिरली.

पुढच्याच आठवड्यात, दुपारी दोघीजणी कागदाची रिमे आणायला गेलेल्या असताना आजोबांनी सवयीने फाइल चाळायला घेतली. फाइल दिसली की वाचायची, ही त्यांची जन्माची खोड. माझे बिल त्यांनी उजेडात धरले आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. दोन महिन्यांतच अक्षरे पुसट झाली होती. तसला कागद आपोआप फिका पडतो. “असंच राहिलं तर वर्षात कोरा होईल की हा,” ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. दाराकडे पाहिले. पुन्हा माझ्याकडे पाहिले.

मित्रांनो, त्यांच्या मनात कागद वाचवण्यापलीकडे काहीही नव्हते. या वेळी त्यांनी पाकीट अगदी सरळ धरले, हिरवा दिवा लागेपर्यंत थांबले आणि श्वास रोखून बिल माझ्या तोंडात दिले. मीही जीव ओतून काम केले. एकही सुरकुती नाही, हवेचा एकही फुगा नाही. कागद आत पांढरा गेला आणि बाहेर आला तो कोळशासारखा काळाकुट्ट. दुकानाचे नाव, नोंदणी क्रमांक, किंमत, कर, सगळे त्या काळ्यात बुडाले.

आजोबांनी तो तुकडा उलटा केला, सुलटा केला, धोतराच्या सोग्याने पुसून पाहिला. बाहेर दोघींच्या बोलण्याचा आवाज आला. आजोबांनी फडक्याने धरून मला एका बाजूने उचलले, टेबल तापू नये म्हणून माझ्याखाली एक रबरी चटई असते, त्या चटईखाली तो काळा तुकडा सरकवला आणि ते खुर्चीत जाऊन बसले. झेरॉक्सताईंनी आत येताच विचारले, “बाबा, पाणी देऊ का? घाम आलाय तुम्हाला.” ते म्हणाले, “उकडतंय जरा.”

सांगायचे त्यांच्या मनात होते. उद्या सांगू, परवा सांगू, सूनबाई जरा निवांत असताना सांगू, असे करता करता तीन आठवडे गेले. न सांगितलेली गोष्ट रोज थोडी जड होत जाते, आणि ती सगळी माझ्या पोटाखाली होती.

मग एका मंगळवारी टॅक्सवाले आले. दुकानाचे कराचे काम बघणारे हे गृहस्थ बारा महिने सर्दीने हैराण असत. नाक पुसत ते म्हणाले, “मशीनांच्या कराचा अर्ज शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत टाकायचाय. त्यानंतर मागता येणार नाही, कायमचं विसरायचं. बिल काढून ठेवा.”

“फाइलीतच आहे,” झेरॉक्सताई म्हणाल्या आणि फाइल उघडली. बिल नव्हते.

त्या दिवशी सगळे कपाट खाली आले. बुधवारी दोघींनी कागदाची रिमे हलवली, कचऱ्याच्या पिशव्या उपसल्या, टेबलाखाली पाहिले, झेरॉक्स मशीनमागे टॉर्च मारला. काखेत कळसा नि गावाला वळसा. मी टेबलावर गरम होऊन बसलेला, आणि गरम मशीन कोण कशाला उचलून बघतो? एकदा मात्र स्पायरलताईंचा हात माझ्या कडेला लागला. “याच्याखाली बघू का?” त्या म्हणाल्या.

“अगं, भाजेल!” आजोबा इतक्या मोठ्याने ओरडले की दारातले गिऱ्हाईक दचकले. स्पायरलताईंनी हात मागे घेतला. मित्रांनो, मला रडता येत असते तर मी त्या क्षणी रडलो असतो.

स्पायरलताईंच्या खात्यावर ऑर्डरची पावती होती. टॅक्सवाल्यांनी ती फोनवर पाहिली आणि सांगितले की पावती म्हणजे बिल नव्हे, हिच्यावर दुकानाचा क्रमांकच नाही. साइटवर बिल उतरवून घ्यायला गेल्यावर ‘विक्रेत्याशी संपर्क साधा’ एवढेच येत होते. संपर्क साधला. गुरुवारी सकाळी विक्रेत्याचे उत्तर आले. नक्कल देऊ, पण मूळ बिल हरवले, फाटले की खराब झाले ते दुकानाच्या सहीशिक्क्यानिशी लिहून द्या. मूळ बिलावर दुसऱ्या कोणी कर मागितला तर जबाबदारी तुमची. आमचे ऑफिस शनिवारी दुपारी एकपर्यंतच उघडे असते.

टॅक्सवाले फोनवर सहज बोलून गेले, “विचार करून सही करा बरं का. मूळ बिल कोणाच्या तरी हातात असेल आणि त्याने आधीच कर मागितला असेल, तर तुमचीच चौकशी लागेल.”

झेरॉक्सताईंच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. स्पायरलताईंचे या दुकानाआधी घरगुती शिवणकाम होते आणि त्याचाही नोंदणी क्रमांक होता. खाते त्यांचे, कार्ड त्यांचे, चौकोन भरला त्यांनी. झेरॉक्सताईंनी बिल आल्या दिवशी न वाचताच फाइलीत टाकले होते. त्यावर नक्की कोणाचा क्रमांक होता? त्या दिवसभर मुकाट्याने काम करत राहिल्या. मी त्यांचा तो मुकेपणा ओळखतो. माझा लाल दिवा लागतो तसा तो असतो, आत काहीतरी तापत असते.

शुक्रवारी दुपारी शेवटी वादाला तोंड फुटले.

“तू घरी नेलं होतंस का गं बिल?” झेरॉक्सताईंनी विचारले.

“मी कशाला नेऊ?”

“नाही, म्हणजे तुझ्या खात्यावरून होतं सगळं. चुकून शिवणकामाचा नंबर पडला असेल तर...”

स्पायरलताईंनी हातातली तार खाली ठेवली. “चुकून?”

“मग काय म्हणू? फाइलीला पाय फुटले का? दोघींशिवाय हात कोणाचा लागतो तिला?”

“पैसे माझेच आहेत ना ते? माझेच पैसे मी चोरून कशाला घेऊ?”

“चोरून कोण म्हणालं? तूच म्हणतेयस.”

दुकानात एक बाई पाच प्रती घ्यायला उभी होती, ती हळूच निघून गेली. स्पायरलताई आजोबांकडे वळल्या. “काका, तुम्ही तर सगळे कागद वाचता. तुम्ही सांगा, कुणाचा नंबर होता त्यावर?”

आजोबा उठून उभे राहिले. माझा जीव टांगणीला लागला. आता सांगतील, आता सांगतील.

“दुकानाचाच होता,” आजोबा म्हणाले. “मी वाचलाय. दुकानाचाच होता, सूनबाई.”

“मग कागद गेला कुठे, बाबा? शेवटचा कधी पाहिलात तुम्ही?”

तीस वर्षांपूर्वीच्या फाइलींचे क्रमांक तोंडपाठ असलेला तो माणूस खाली मान घालून म्हणाला, “नीट आठवत नाही.”

स्पायरलताईंना वाटले, काकांनी माझी बाजू घ्यायची म्हणून काहीतरी सांगितले. त्यांनी पर्स उचलली. “उद्या टेम्पो घेऊन येते. बाइंडिंगचं मशीन माझ्या कार्डावर घेतलंय, ते नेते. बाकीचे दोन तुला लखलाभ.” आणि त्या गेल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि ती डोळ्यांसमोर होत असताना आम्ही दोघे, मी आणि आजोबा, गप्प बसलो होतो. मला तर तोंड आहे ते केवळ कागद घ्यायला. पण आजोबांना बोलता येत होते. त्या संध्याकाळी मला त्यांचा राग आला, मी लपवत नाही.

शनिवारी अकराच्या सुमारास टेम्पो दारात उभा राहिला. स्पायरलताई आत आल्या, कुणाकडे न बघता बाइंडिंग मशीनची वायर गुंडाळू लागल्या. झेरॉक्सताई झेरॉक्स मशीनला टेकून उभ्या होत्या, त्यांचे डोळे रात्रभर जागल्यासारखे लाल होते. टेम्पोवाल्याने मशीनची एक बाजू धरली, स्पायरलताईंनी दुसरी. माझा हिरवा दिवा लागलेला होता.

“थांबा,” आजोबा म्हणाले.

ते माझ्याजवळ आले, आणि मी तापलेला आहे हे विसरून त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलले. त्यांच्या बोटांना चटका बसलेला मला कळला. त्यांनी हात सोडले नाहीत. एका हाताने मला तोलून दुसऱ्या हाताने त्यांनी चटईखालून तो काळा तुकडा ओढला आणि टेबलावर ठेवला.

“हे बिल आहे,” ते म्हणाले. “अक्षरं फिकट झाली होती, म्हणून मी लॅमिनेट केलं. तू हात लावू नका म्हणाली होतीस, तरी केलं. काळं झालं. तीन आठवडे झाले. मला वाटलं, कळलं तर तू मला घरी बसवशील.” मग ते स्पायरलताईंकडे वळले. “पोरी, काल तुझ्यावर बोल लागला तेव्हा मी उभा होतो. मला सगळं आठवत होतं.”

झेरॉक्सताईंनी हात तोंडावर नेला. स्पायरलताईंनी तो तुकडा उचलला, उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिला.

“एकही फुगा आला नाही हो, काका,” त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहू लागले.

झेरॉक्सताई पुढे झाल्या. “अगं...”

“कागदाचं जाऊ दे,” स्पायरलताई म्हणाल्या. “तुला वाटलंच कसं? एवढं सांग मला.”

टेम्पोवाला मशीनची एक बाजू धरून अवघडला होता. त्याने विचारले, “बाई, चढवू का खाली ठेवू?” स्पायरलताईंनी डोळे पुसले. “चढवा,” त्या म्हणाल्या. मित्रांनो, मला वाटत होते खरे कळले की सगळे जागच्या जागी येईल. तसे होत नाही. टेम्पो गेला.

घड्याळात बारा वाजत होते. विक्रेत्याचे ऑफिस एक वाजता बंद होणार. झेरॉक्सताईंनी तोंडावर पाणी मारले आणि कागद पुढे घेतला, पण पहिल्याच ओळीत खोडाखोड झाली. “आण इकडे,” आजोबा म्हणाले. भाजलेल्या बोटांना ओले फडके गुंडाळून त्यांनी पत्र लिहिले. छत्तीस वर्षांत त्यांनी अशी शेकडो पत्रे लिहिली होती आणि प्रत्येकात ‘कागद नजरचुकीने गहाळ झाला’ असेच असायचे, चूक कोणाची ते कधीच नाही. या पत्रात त्यांनी स्वतःचे पूर्ण नाव घातले, वय घातले, आणि मशीनला हात लावायची मनाई असताना मी हे केले, दुकानातल्या दुसऱ्या कोणाचाही यात दोष नाही, असे लिहिले. दुसऱ्या कोणाचाही, याखाली त्यांनी रेघ मारली. ताईंनी शिक्का मारला, पत्राचा आणि काळ्या तुकड्याचा फोटो काढून पाठवला.

साडेबारा झाले. पाऊण वाजला. विक्रेत्याचा फोन कोणी उचलेना. एकला पाच मिनिटे असताना तिकडून एक माणूस हसत बोलला, “आजोबांना सांगा, महिन्याला दोन तरी असे काळे कागद येतात आमच्याकडे. जेवायला निघालो होतो, पाठवतो आधी.” एक वाजून दहा मिनिटांनी नक्कल आली. दुकानाचे नाव होते. नोंदणी क्रमांक दुकानाचाच होता, प्रत्येक आकडा बरोबर, स्पायरलताईंनी दोनदा तपासून भरलेला. झेरॉक्सताई तो आकडा वाचत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते.

शेवटच्या दिवशी कर खात्याची साइट मुंगीच्या पावलांनी चालते. टॅक्सवाले आमच्याच टेबलावर लॅपटॉप मांडून बसले. तीनदा पान बंद पडले. चार वाजून बावन्न मिनिटांनी त्यांनी नाक पुसले आणि म्हणाले, “गेला अर्ज. हा घ्या पोच क्रमांक.” आजोबा खुर्चीत मागे टेकले. झेरॉक्सताईंनी पोच छापून घेतली, घडी घातली आणि दुकान आजोबांवर सोडून त्या झपझप चालत निघून गेल्या.

मैत्रिणीच्या घरी काय झाले ते मी पाहिले नाही, पुढे बोलण्यातून कानावर आले. झेरॉक्सताई दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “मला उत्तर नाही. माझं चुकलं.” स्पायरलताईंनी त्यांना आत घेतले, चहा दिला, पण हसल्या नाहीत. सोमवारी टेम्पो परत आला आणि बाइंडिंग मशीन माझ्या शेजारी बसले. एका अटीवर. यापुढे दुकानाच्या प्रत्येक कागदाच्या दोन प्रती काढायच्या आणि एक स्पायरलताईंच्या घरी जायची. झेरॉक्सताईंनी मान हलवली. अट रास्त होती. तरी ती पहिली प्रत पिशवीत जाताना पाहून मला वाईट वाटले, कारण आधी अशी गरज नव्हती.

अकरा आठवड्यांनी कर परत आला, पै न् पै. त्या मुलीची फी भरली गेली. दोघी पुन्हा पूर्वीसारख्या एकमेकींना ‘झेरॉक्स’, ‘स्पायरल’ म्हणून चिडवू लागल्या, पण त्याला जवळजवळ वर्ष लागले.

आजोबांना कोणी घरी बसवले नाही. सोमवारीच झेरॉक्सताईंनी त्यांची खुर्ची उचलून माझ्याशेजारी ठेवली. “मशीन तुम्हीच बघायचं, बाबा. फक्त काही बिघडलं की आधी हाक मारायची. मी रागावेन, ते ऐकून घ्यायचं, पण हाक मारायची.” मग काय विचारता! कागद जरा तिरका गेला की तो बाहेर यायच्या आतच आजोबा गल्लीला ऐकू जाईल असे ओरडत, “सूनबाई, बिघडवलं गं मी!” गिऱ्हाइके हसत. ताई धावत येत, उलटे बटण दाबून अर्ध्यातून कागद सोडवत, आणि दहातले आठ कागद वाचत. बोटांवरचा डाग आजोबांनी शेवटपर्यंत मिरवला. ते गेले तेव्हा दुकान तीन दिवस बंद होते.

त्यानंतरची एक दुपार सांगतो आणि थांबतो. झेरॉक्सताई एका मुलाचा जन्मदाखला लॅमिनेट करत होत्या. लक्ष दुसरीकडे होते, पाकीट वाकडे गेले आणि दाखला मधोमध चुरगळला. त्यांनी झटकन इकडेतिकडे पाहिले. दुकानात कोणी नव्हते. स्पायरलताई मागच्या खोलीत पुठ्ठे कापत होत्या. झेरॉक्सताईंनी तो दाखला हातात घेतला, त्यांची नजर माझ्याखालच्या चटईवर गेली, आणि मी गरम असूनही आतून गार पडलो.

मग त्यांनी मागच्या दाराकडे तोंड करून खच्चून हाक मारली, “अगं ए, इकडे ये! बिघडवलं मी!”

“आले गं,” स्पायरलताई म्हणाल्या.

मित्रांनो, माझे रोलर आता झिजले आहेत, हिरवा दिवा कधी लागतो कधी लागत नाही. माझी काळजी घ्या असे मी म्हणेन, ओल्या फडक्याने पुसा, गरम असताना ओढाताण करू नका. पण त्याहून एक मोठे मागणे आहे. मला ठाऊक होते ते मला सांगता आले नाही, कारण मी मशीन आहे. तुम्ही मशीन नाही. तुमच्या हातून काही काळे झाले, तर त्याच दुपारी हाक मारा.